साडूंनी केकची कंपनी मोठ्याने वाचली

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, छापील कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा मनुष्य या पृथ्वीतलावर अस्तित्वात आहे, तो भंडारा जिल्ह्यात राहतो, आणि तो माझा सख्खा साडू आहे. ही बातमी देताना माझा ऊर भरून येतो. बँका, विमा कंपन्या आणि मोबाइलची दुकाने यांना मात्र ती ऐकून घाम फुटेल, याची मला कल्पना आहे. तुम्ही-आम्ही काय करतो? समोरचा माणूस पेनने फुल्या मारून ठेवतो, "इथे, इथे आणि इथे" म्हणतो, आणि आपण शिक्षा झाल्यासारख्या सह्या काढत जातो. आमचे साडू आधी चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, पुन्हा लावतात, घसा खाकरतात आणि वाचायला लागतात. मनात नव्हे. मोठ्याने. गल्लीतल्या तिसऱ्या घरातली बाई भाजी परतायची थांबते, इतक्या मोठ्याने.

या आवाजाला इतिहास आहे. साडूंची सगळी नोकरी चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत गेली, आणि तिथले त्यांचे मुख्य काम होते वाचण्याचे. पाळी सुरू होण्याआधी, माणसे भुयारात उतरण्यापूर्वी, त्यांच्यापुढे उभे राहून सुरक्षेचे नियम वाचून दाखवायचे. एकीकडे यंत्रांची धडधड, दुसरीकडे ट्रकांची घरघर. त्या सगळ्यावर चढवून नियम ऐकवायचे, तेव्हा कुठे ते कानापर्यंत पोचायचे. वाचून झाले की साडू कोणाही एकावर बोट रोखत आणि विचारत, "सांग, काय समजलं?" समजलं का, असे ते कधीच विचारत नसत. त्यांचे म्हणणे, "समजलं का मनलं का बैलबी मान हालवते." ज्याच्यावर बोट आले त्याने नियम स्वतःच्या शब्दांत सांगायचा. त्याला सांगता येईपर्यंत माणसांना भुयारात उतरवणारा पिंजरा खाली जात नसे. माणसे चडफडत, शिव्या देत, पण सांगत. त्यांच्या पाळीत कोणाला मोठी इजा झाली नाही, हे साडू स्वतः कधी बोलत नाहीत. ते माझी मेहुणी सांगते, तेही त्यांच्या माघारी.

निवृत्त झाल्यावर खाणीची वसाहत सुटली, तुमसरला घर झाले, पण वाचन सुटले नाही. आता भुयारात उतरणारी माणसे नव्हती, म्हणून आम्ही होतो. घरात लग्नपत्रिका आली की साडू ती वरच्या वंदनेपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचत, मधले सगळे आप्त, स्नेही, चिमुकली मंडळी धरून. एकदा अशी पत्रिका संपवून त्यांनी माझ्या बायकोवर बोट रोखले. "सांगा, काय समजलं?" बायको म्हणाली, "भाऊजी, जेवण बाराले हाये, तेवढं समजलं." साडूंनी तिला पास केले. मला मात्र त्यांनी कधी सहजी पास केले नाही. मी स्कूटर घ्यायला भंडाऱ्याला निघालो तेव्हा हौसेने त्यांना सोबत नेले. सकाळी हार घालून पेढे वाटू, दुपारी जेवायला घरी, असा माझा बेत. साडूंनी वॉरंटीचे पुस्तक उघडले. दुपारी शोरूमच्या मालकाने आम्हाला चहा पाजला, चार वाजता पुन्हा पाजला, आणि बॅटरीच्या प्रकरणाशी आम्ही पोचलो तेव्हा त्याने शटर अर्धे खाली ओढून हात जोडले. हार वाळून गेला. पण त्या पुस्तकातली एक अट दाखवून पुढे मी बॅटरी फुकट बदलून घेतली, हेही इथे नोंदवले पाहिजे; नाही तर साडू हा लेखही मोठ्याने वाचतील आणि मला विचारतील, हे काहून सोडलं जी?

जिल्हा फुटला तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळे झाले, तसा साडूंनी सरकारी अधिसूचनेचा कागद कुठून तरी मिळवला आणि भर आठवडी बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी उभे राहून अथपासून इतिपर्यंत वाचला. कोणता तालुका इकडे, कोणता तिकडे. संपल्यावर बोट गेले ते वांगी विकणाऱ्या एका म्हातारीवर. "सांग माय, काय समजलं?" म्हातारीने वांगी नीट रचली आणि म्हणाली, "माही बहीण परजिल्ह्यात गेली, हे समजलं." त्या दिवसापासून साडूंनी या फाळणीवर राग धरला. कोणीही भेटले की विचारायचे, "जिल्हा फुटून फायदा काय झाला? एक सांगा."

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण ती सांगण्यासाठी मी केव्हाचा फुरफुरतो आहे.

साडूंना एकच मुलगी, शीतल. मला मावसाजी म्हणते, आणि मावशीपेक्षा माझ्यावर जास्त हक्क गाजवते. नागपुरात केक, पेस्ट्री, बिस्किटे करायला शिकली, तिथेच एका बेकरीत काही वर्षे राबली, आणि मग नोकरी सोडून घरी आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: तुमसरात आपले दुकान. त्याच सुमाराला केकच्या एका मोठ्या कंपनीने जाहिरात केली की आम्ही लहान गावांत शाखा देत आहोत. नाव सांगत नाही. लाल पाटी आणि पाटीवर हसणारी चेरी, एवढे पुरे. शीतल वेडी झाली. बसस्टँडजवळचा एक कोपऱ्यातला गाळा तिने हेरून ठेवला होता. त्याचे बंद शटर फोनच्या पडद्यावर लावले होते. लोक देवाचा नाही तर नटाचा फोटो लावतात, हिने शटर लावले. साडूंनी निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घालायचे ठरवले. बापाने एका शब्दाने नाही म्हटले नाही. फक्त कंपनीच्या साहेबांना फोन करून एवढेच म्हणाले, "तुमचा कागद पाठवा. वाचतो."

आणि कागद आला. काय तो कागद! उशीएवढा जाड, गुळगुळीत, सगळा इंग्रजीत. वर लिहिलेले, डिस्क्लोजर डॉक्युमेंट. म्हणजे कंपनीने स्वतःबद्दल जे काही खरे ते शाखा घेणाऱ्याला आधीच उघड करून सांगायचे, तो दस्तऐवज, आणि त्यालाच जोडलेला करार. मी त्या दिवशी तिथेच होतो. साडूंनी तो दोन्ही हातांत घेतला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो शीतल जन्मली तेव्हाही नसावा, असे मेहुणी म्हणाली, आणि ती दोन्ही वेळा हजर होती. साडूंनी कागद हातावर तोलून पाहिला. "साडभाऊ, याले काही झाकाचं नाही, मंग उघडं कराले इतके पानं कायले लागते?" असे म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

मग सुरू झाला सप्ताह. साडूंचे इंग्रजी खाणीच्या परिपत्रकांवर पोसलेले, त्यामुळे त्यांना गोष्टीतले इंग्रजी झेपत नाही, पण नियमाचे इंग्रजी ते तहानलेल्या माणसाने ताक प्यावे तसे पितात. रोज दुपारी चार वाजता ओसरीवर बैठक. मी, मेहुणी, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि मधोमध गाल फुगवून शीतल. साडू एक कलम खणखणीत वाचत, मग त्याचे मराठी करत, मग बोट. आम्हाला वाचायचीही एक युक्ती त्यांनी शिकवली. "जिथी जिथी 'सब्जेक्ट टू' दिसलं, तिथी लाल झेंडी. आधीच्या वाक्यात देल्लं, ते पुढच्या वाक्यात वापस घेऊन राहिले समजाचं." पोस्टमास्तर लाल पेन्सिल घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरी पेन्सिल आणावी लागली.

शीतल धुमसत होती. "बाबा, त्या गाळ्यासाठी दुसरी पार्टीबी हाये मन्ते साहेब. तुमी वाचून राहिले, अन् तो घेऊन जाईन."

"जाईन तं जाईन. इकडे पाह्य. बारावं कलम. सांग, काय समजलं?"

"मले काही समजलं नाई."

"मंग पुन्हा वाचतो."

"नको, सांगतो," शीतल घाईघाईने म्हणाली. आमच्याकडे पोरीही चिडल्या की 'सांगतो' म्हणतात. "शाखा चालू असलेल्या गावांची नावं हायेत. गोंदियाची शाखा चालू हाये. म्हणजे कंपनी चांगली हाये. झालं?"

"चालू हाये असं लिहिलं," साडू म्हणाले. "पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी साडू आणि मी गोंदियाला. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ पाहायला जातात, तेव्हा आधी मुलाच्या घरी जात नाहीत. आधी त्याच्या गल्लीच्या टोकाला चहा पितात. साडूंनी तीच रीत लावली. लाल पाटीच्या दुकानासमोर एक पानठेला होता, तिथे आम्ही दोन पाने सांगितली. साडू पान खात नाहीत, सुपारी गालात धरून त्यांनी विचारले, "दुकान कसं हाये जी समोरचं?"

"चालते," पानवाला म्हणाला.

"मालक कसा हाये?"

"कोणता?"

साडूंनी सुपारी गिळली. पानवाला चुना लावत शांतपणे सांगत होता, "पहिला गेला तो बालाघाटले निघून गेला. दुसऱ्यानं फ्रीज विकला. आता हा तिसरा हाये, नवा नवा हाये म्हणून हासते." कागदात लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे होते. शाखा चालूच होती. माणसे तेवढी बदलत होती. परतीच्या बसमध्ये साडूंनी तुमसर येईपर्यंत काही वाचले नाही. तिकिटाची मागची बाजूसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या माणसाला कागदात दोष सापडल्याचा आनंद होत नाही.

तोवर घरात वेगळाच गोंधळ माजला होता. कंपनीचे साहेब सह्या घ्यायला शनिवारी येतो म्हणाले होते, आणि माझ्या मेहुणीने त्याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, करून टाकले. नागपूरहून मोठा माणूस येणार, पोरीच्या आयुष्याचा करार होणार, म्हणजे दुसरे काय? अंगणात सतरंजी पडली, नात्यागोत्यातली वीस-पंचवीस माणसे आली, पोह्यांची कढई चढली. शीतलने रात्र आणि सकाळ एक करून तीन थरांचा केक केला. साहेब गाडीतून उतरले ते पस्तिशीचे, टाय लावलेले, हसरे गृहस्थ. उतरताक्षणी त्यांना ओवाळले, नारळ दिला, खांद्यावर शेला टाकला. त्यांना वाटले, कामगिरी फत्ते. ते खुर्चीत बसले आणि खिशातून पेन काढून म्हणाले, "काका, फक्त फुल्या केल्यात तिथे."

साडूंनी चष्मा पुसला.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. साडू लाल पेन्सिलीच्या खुणा केलेले एकेक कलम वाचत आणि बोट साहेबांवर रोखत. साहेब आधी हसून सांगत होते. "म्हणजे, माल कंपनीकडूनच घ्यायचा."

"कोणत्या भावानं?"

"कंपनी ठरवेल त्या."

"अन् केक विकाचा भाव?"

"तोही कंपनीच ठरवते, काका. सगळीकडे सारखा हवा ना."

"मंग आमची पोरगी काय ठरवते?"

साहेबांच्या मदतीला मागून पोस्टमास्तर धावले, "सुट्टीचा दिवस ठरवत असंन."

"नाही," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "दुकान बाराही महिने उघडं पाहिजे."

जाहिरातीच्या वाट्याचे कलम आले. दर महिन्याला शाखेने जाहिरातीसाठी रक्कम द्यायची. जाहिरात कुठे करणार, असे साडूंनी विचारले. पुण्यात, साहेब म्हणाले. बायकांमध्ये खसखस पिकली, आणि माझ्या बायकोने विचारले, "मंग पुण्याचे लोकं केक घ्याले तुमसरले येते का जी?" साहेबांनी रुमाल काढला. मग आले शेवटचे मोठे कलम: करार संपला किंवा मोडला तर तीन वर्षे त्या जिल्ह्यात केकचा धंदा करायचा नाही. शीतलने मान वर केली. हे कलम ओसरीवर वाचले गेले तेव्हा ती चिडून आत निघून गेली होती, ते तिने आत्ता ऐकले. साडूंनी मात्र ताडकन विचारले, "अन् गोंदिया जिल्ह्यात?"

साहेबांनी पाने उलटली. "तो... वेगळा जिल्हा आहे. तिथे चालेल."

"सापडला," साडू अंगणाला उद्देशून गरजले. "जिल्हा फुटल्याचा फायदा सापडला."

सगळे हसले. शीतल हसली नाही. साडूंनी ते पाहिले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी कागद मिटला, साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, "आता सारं मिळून एकदा सांगा. तुमच्या शब्दात. काय समजलं?"

साहेब सांगू लागले. जागा तुमची. फर्निचर आमच्या माणसाकडून. माल आमचा, भाव आमचा. विक्रीत वाटा आमचा, जाहिरातीचा वेगळा. दोन चौक सोडून आम्ही दुसरी शाखा काढली तर तुम्ही बोलायचं नाही. नुकसान झालं तर ते तुमचं. बंद केलं तर तीन वर्षं... ते अडखळले. त्यांनी टाय सैल केला. त्यांच्या खांद्यावर शेला होता, मांडीवर नारळ होता, बशीत शीतलचा केक होता. त्यांनी एकदा त्या पोरीकडे पाहिले आणि बोलून गेले, "काका, खरं सांगू? मी तर नसती घेतली."

मेहुणीने पोह्याची दुसरी बशी आणून त्यांच्यासमोर ठेवली, कारण अशा वेळी काय करायचे ते फक्त तिला सुचते. जाताना साहेब म्हणाले की हा कागद त्यांनीही पुरता आजच ऐकला, आणि केक मात्र फार छान झाला आहे. नारळ त्यांनी नेला, कागद इथेच राहिला, सह्याही राहिल्या.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून पुढचे सांगून टाकतो. शीतल पुन्हा नागपुरात राबली, दीड-दोन वर्षांनी परत आली आणि स्वतःच्या नावाची साधी पाटी लावून दुकान काढले. कोपऱ्यातला तो गाळा मिळाला नाही. आतल्या रस्त्यावरचा एक मिळाला. लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते, पावसाळ्यात दोघे बापलेक रस्त्याकडे बघत बसतात. साडूंच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. सकाळी शीतल त्यांना पेपर वाचून दाखवते, मोठ्याने, आणि ते ऐकतात. शेवटी ती विचारते की बाबा, काय समजलं. ते कधी सांगतात, कधी नुसतेच हसतात.

पण मला जास्त आठवते ती त्या शनिवारची संध्याकाळ. पाहुणे पांगले होते, सतरंजी गुंडाळून झाली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाणी पीत उभा होतो. परसात शीतल पायरीवर बसली होती, फोनच्या पडद्यावरचे ते शटर बघत. साडू तिच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"तुमचं बरोबर हाये, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "मलेबी समजलं. पण मले दुकान पायजे होतं ना." आणि तिचा बांध फुटला.

साडू खाली वाकले, उभे राहिले, पुन्हा वाकले. चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरला. आणि ज्या माणसाने साबणाचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय कधी फेकला नव्हता, तो माझ्या कानांदेखत म्हणाला,

"नको रडू, बाई. आण तो कागद. डोये मिटून सही करतो मी."